एका ‘औक्षवंत हो’साठी

कुणाच्या घरून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते हं’ म्हणतो. चुकून ‘जाते’ निघालंच तोंडून, तर घरातलं वडीलधारं माणूस लगेच हटकतं. असे शब्द नुसते रीत म्हणून नसतात, बायांनो! प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवर तर एका बाईनं अशा एका शब्दासाठी आपली नोकरी पणाला लावली.

हवाई बेटांवरचं ‘अलोहा’ आपण सिनेमात ऐकलेलं असतं. येणाऱ्यालाही तेच, जाणाऱ्यालाही तेच. पण मूळ अर्थ प्रेम, माया. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत हाच शब्द ‘आरोहा’ होतो, सामोआत ‘आलोफा’. सामोआच्या ‘तालोफा’ या नमस्कारातही तोच दडलेला आहे. मध्ये हजारो मैलांचा समुद्र, पण शब्द सगळे एकाच माहेरचे!

माओरींचा रोजचा नमस्कार ‘किया ओरा’. ‘ओरा’ म्हणजे जीव, आरोग्य. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘औक्षवंत हो’! जरा रीतसर बोलायचं, तर समोर एकजण असेल तेव्हा ‘तेना कोए’, दोघं असतील तर ‘तेना कोरुआ’ आणि तिघं किंवा जास्त असतील तर ‘तेना कोउतोउ’. शाळेत संस्कृतच्या द्विवचनानं जिला रडवलं असेल, तिला हे वाचून गंमत वाटेल.

निरोपाचेही शब्द दोन. निघणारी म्हणते, ‘ए नोहो रा’, म्हणजे तुम्ही राहा बरं. मागे राहणारी म्हणते, ‘हाएरे रा’, म्हणजे जा बरं.

यांची ‘होंगी’ तर प्रसिद्धच आहे. नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवायचं, म्हणजे दोघांचा श्वास एक होतो. तिच्यामागची कथा मोठी गोड आहे. ताने या देवानं मातीची पहिली स्त्री घडवली, हिनेआहुओने. तिच्या नाकपुड्यांत त्यानं श्वास फुंकला, ती शिंकली आणि जिवंत झाली! आपल्याकडे निघताना कुणी शिंकलं की काम अडलंच म्हणतात. तिथे शिंक ही जिवंतपणाची पहिली खूण. २०२० साली करोनाच्या साथीत ठिकठिकाणी होंगी थांबवावी लागली, तेव्हा लोकांना किती चुकल्यासारखं झालं असेल!

माओरींच्या सभास्थानाला ‘मराए’ म्हणतात. तिथे पाहुण्यांचं स्वागत करताना पहिला आवाज उठतो तो बाईचा. यजमानांकडची स्त्री लांब सुरात साद घालते, पाहुण्यांतली स्त्री तिला उत्तर देते. या सादेत दोन्हीकडच्या मृतांचीही आठवण काढतात. मगच पाहुणे पुढे येतात.

आता त्या बाईची हकीकत. १९८४ साली नायडा ग्लॅविश ऑकलंडला टेलिफोन ऑपरेटर होत्या. फोन उचलला की त्या ‘किया ओरा’ म्हणत. वरिष्ठांनी फर्मावलं, हे चालणार नाही, इंग्रजीतच बोला. बाईंनी साफ नकार दिला. मग त्यांना खालच्या कामावर टाकलं. एवढ्याशा दोन शब्दांवरून देशभर वाद पेटला. आधीच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार खाल्ला होता, त्यामुळे हे दुखणं जुनंच होतं. अखेर बाईंना आपलं काम परत मिळालं, ‘किया ओरा’सकट! पुढे १९८७ साली माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. २०१८ साली नायडाबाईंना ‘डेम’ हा मानाचा किताब मिळाला. आज न्यूझीलंडमध्ये ‘किया ओरा’ माओरी नसलेली माणसंही सहज म्हणतात.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे घरातलं पोर वाकून नमस्कार करील, तेव्हा ‘असू दे, असू दे’ म्हणून उरकून टाकू नका. ‘औक्षवंत हो’ असं चांगलं तोंडभरून म्हणा. आपल्याला त्यासाठी कुणाशी भांडावं लागत नाही, हे काय थोडं आहे?