हस्तलिखितांचीं छायाचित्रें व मॉनिटरची वर्णशुद्धि

मूळ पोथी दूरच्या संग्रहीं असली म्हणजे संशोधकास तिच्या छायाचित्रावरूनच पाठनिर्णय करावा लागतो. काजळी शाईची मूळ ओळ, हरताळ फांसून तीवर केलेली दुरुस्ती आणि समासांतील हिंगुळी खूण यांचा भेद पुष्कळ अंशीं रंगावरून कळतो. पडदाच निळसर वा अतितेजस्वी असेल तर दुसऱ्या हाताची शाई पहिल्याच हाताची भासते. त्याहून मोठा धोका असा कीं, त्या पडद्यावर विसंबून छायाचित्राचे रंग सुधारले तर पडद्याचा दोष प्रतींत उतरतो. हा एक नवा लेखकप्रमादच होय. म्हणून मॉनिटर प्रमाणावर आणणारें सॉफ्टवेअर कसें निवडावें, याचा येथें विचार करतों.

केवळ नजरेनें रंग जुळवावयास सांगणारें सॉफ्टवेअर या कामीं निरुपयोगी आहे. कारण डोळा समोरील प्रकाशास लवकरच सरावतो व पिवळट पांढऱ्यासही शुद्ध मानूं लागतो. पडद्यावर टेकविलेलें मापक यंत्र आवश्यकच. त्याच्या मापांवरून सॉफ्टवेअर दोन कामें करतें. पांढऱ्याची छटा, तेज व गॅमा ठरलेल्या प्रमाणावर आणणें हें कॅलिब्रेशन. आणि पडद्याचा रंगस्वभाव नोंदून ठेवणें हें प्रोफाइल. प्रोफाइलचा सर्वमान्य नमुना १९९३ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमनें घालून दिला आहे.

सॉफ्टवेअरांचे तीन वर्ग पडतात. पहिला यंत्राच्या विक्रेत्यांचा. कॅलिब्राइट व डेटाकलर यांचीं सॉफ्टवेअरें यांत येतात. तीं सोपीं, परंतु सामान्यतः स्वतःच्याच यंत्रांशीं बांधलेलीं असतात. दुसरा वर्ग मुक्त सॉफ्टवेअरांचा. आर्गिल सीएमएस अनेक बनावटींच्या यंत्रांवर चालतें; मात्र त्याच्या आज्ञा टंकाव्या लागतात. ती अडचण डिस्प्लेकॅल दूर करतें. त्याच्या मूळ कर्त्याची आवृत्ति २०१९ नंतर निघाली नाहीं. इतरांनीं पुढें चालविलेली शाखा घ्यावी. तिसरा वर्ग मॉनिटर बनविणारांचा. आयझोचें कलरनॅव्हिगेटर कलरएज मॉनिटरांसाठींच आहे. तें दुरुस्ती मॉनिटरच्याच अंतर्गत कोष्टकांत लिहितें. त्यामुळें संगणकाच्या बाजूनें केलेल्या दुरुस्तींत छटांचे जे पट्टे उमटूं शकतात, ते बहुतांशीं टळतात.

निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. पांढऱ्याची छटा व तेज आपणांस ठरवितां यावें: ५००० केल्विनच्या दिव्याखालीं मूळ पान ठेवून ताडून पाहावयाचें तर पडदाही त्याच्या जवळपास हवा, एरव्हीं ६५०० चालतो, तेज ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर पुरे. पडद्यामागील दिव्याच्या जातीप्रमाणें यंत्राचीं मापें दुरुस्त करण्याची सोय असावी. तिसरी गोष्ट पडताळ्याची. काम झाल्यावर सॉफ्टवेअरनें पुन्हां मोजणी करून उरलेला रंगफरक, म्हणजे डेल्टा ई, तारखेसह सांगितला पाहिजे. तो सरासरीनें २ च्या आंत असावा.

आमच्या मतें ही तिसरी कसोटीच निर्णायक होय. कलरएज जवळ असल्यास त्याचेंच सॉफ्टवेअर, नसल्यास डिस्प्लेकॅल घ्यावें. दर महिन्यास मोजणी करावी व पडताळ्याचा अहवाल छायाचित्रांबरोबर जपून ठेवावा. उद्यां मूळ पान जीर्ण होऊन गेलें, तर रंगाविषयीं साक्ष द्यावयास छायाचित्रच उरेल; आणि त्या साक्षीवर किती भरंवसा ठेवावा हें त्या अहवालावरून ठरवितां येईल.