जोड लागली तर कुस्ती

वस्ताद डाव शिकवतो, घरचे खुराकाला पैसे पाठवतात, पण समोर रोज तोलामोलाची जोड नसेल तर कुस्ती अंगात मुरत नाही. पुण्याच्या उपनगरातल्या एका केंद्रात मुलींचा सराव पाहिला, तेव्हा वस्तादांची निम्मी अक्कल जोड्या लावण्यातच खर्च होत होती.

आधी बैठका, सपाट्या. मग मानेचा पूल : कपाळ मॅटला टेकवून अंग मानेवर तोलायचं. त्यानंतर झोंबी. पन्नास किलोवालीला सत्तावन्नची जोड दिली, ती कुरकुरली नाही. सर्वांत वजनदार मुलीला मात्र कुणीच उरेना, म्हणून शेजारच्या गटातला एक पोरगा बोलावला. ती वाकली, पटात शिरली, डोकं त्याच्या बरगडीत रुतवलं. तो मागं सरकला, तशी गुडघा टेकून तिनं पुन्हा ओढ घेतली. ‘पाय सोडू नको!’ वस्ताद ओरडले. पोरगा बुडावर आपटला, उठला आणि परत पवित्र्यात उभा राहिला. मॅटवरच्या कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

याच पुण्यात एकेकाळी महिला मल्ल हमीदा बानूची रामचंद्र साळुंके या पुरुष मल्लाशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली होती. १९५४ साली ‘मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन’ असं आव्हान देत ती गावोगाव फिरत होती. बडोद्याला छोटे गामा पहिलवानानं बाईशी लढायला नकार दिला, तेव्हा तिनं बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. कोल्हापुरात शोभासिंग पंजाबीला हरवल्यावर तिच्यावर दगड आले. आपल्या कुस्त्यांवर जणू बंदीच आहे, अशी तक्रार तिनं तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे केली. बाई म्हणून बंदी नाही, आयोजक नकली प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आहेत, असं उत्तर मिळालं. ते अगदीच खोटं असेल असं नाही. पण खरे मल्ल अंग काढून घेतात तिथे नूरा, म्हणजे आधीच ठरवलेल्या कुस्तीचा संशय कुणावरही घेता येतो.

त्याच काळात जपानमध्येही बायकांच्या व्यावसायिक कुस्तीनं मूळ धरलं, आणि १९६८ साली ऑल जपान विमेन्स ही कंपनी उभी राहिली. तिनं हा प्रश्न वेगळ्याच रीतीनं सोडवला. निकाल बहुधा आधीच ठरलेला, जोड कंपनीच देणार. आपटणं मात्र खरं. ऐंशीच्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका या ‘क्रश गॅल्स’ जोडीनं टीव्हीसमोर शाळकरी मुलींची गर्दी खेचली. कंपनीचा नियम असा होता, की सव्विशीच्या आसपास निवृत्ती. हमीदावर जो ठपका आला, तो तिथे धंदाच होता. मला त्या पोरींची मेहनत खोटी वाटत नाही, पण पंचविशीत तयार झालेल्या कुस्तीगीर मुलीला घरी पाठवणारा नियम मात्र दुष्ट वाटतो.

आपल्याकडे पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. मुलींची पहिली २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत झाली. प्रतीक्षा बागडीनं वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा घेतली. त्याच वर्षी चंद्रपूरला ती गदा अमृता पुजारीकडे गेली. २०२५ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला भाग्यश्री फंड केसरी झाली, आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर उभी होती अमृता पुजारीच.