फटफटी सुरू होत नाही? आधी किक मारणे थांबवा

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कुसुगल, नवलगुंदच्या बाजूने पहाटे दुधाचे कॅन आणि भाजीची गाठोडी केशवापुरात येतात ती तिच्यावरूनच. रेल्वेतील कामगार पाळीला जातो, शेतकरी खताचे पोते शेतावर नेतो, रात्री अपरात्री घरातला मुलगा औषध आणायला निघतो, तेही तिच्यावरूनच. अशा वेळी गाडी सुरू झाली नाही तर दूध नासते, कामाचा खाडा पडतो आणि आजारी माणूस वाट पाहत राहतो.

गाडी अडली की बहुतेक घरांत एकच प्रकार चालतो. किकवर किक मारल्या जातात. एक दमला की दुसरा पुढे येतो, मग शेजारी धक्का मारतात. अर्ध्या तासाने मेकॅनिक येतो, दोन मिनिटांत बंद राहिलेला पेट्रोलचा कॉक उघडतो आणि पैसे घेऊन जातो. वाचकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : सुरू न होणारी गाडी बहुतेक वेळा मोडलेली नसते, तिला काहीतरी कमी पडत असते. काय कमी पडते ते क्रमाने पाहिले, तर निम्म्याहून अधिक काम घरीच होते. त्यासाठी एक प्लग पाना, एक पेचकस, थोडा पॉलिश कागद आणि कोरडे फडके एवढे साहित्य पुरते.

आपल्या भागातील गाड्या

कर्नाटकात मोटारसायकलीची ओळख घरोघर करून दिली ती म्हैसूरच्या कारखान्याने. तेथे १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्या येझदी या नावाने निघाल्या आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. या गाड्या टू-स्ट्रोक होत्या, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. त्यांचा किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होई. पॉइंट घासून साफ करणे तेव्हा प्रत्येक मालकाला येत असे. १९८५ मध्ये १०० सीसीची फोर-स्ट्रोक हिरो होंडा आली, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेटी आली आणि मालकाचा हात हत्यारापासून दूर गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटरही गेला आणि त्याच्या जागी इंजेक्शन आले. गाड्या बदलल्या तरी इंजिनाच्या गरजा त्याच राहिल्या.

इंजिनाला काय लागते?

पेट्रोल, हवा आणि ठिणगी ही तीन लागतात. त्यांना दाबून धरणारा पिस्टनचा दाब, ज्याला मेकॅनिक कॉम्प्रेशन म्हणतात, तो चौथा. यातील एक जरी नसेल तरी हजार किक मारून उपयोग नाही. फवारणीचा इंजिनवाला पंप, गवत कापण्याचे यंत्र, पेट्रोलवरचे पाणी उपसण्याचे इंजिन, या सर्वांना हेच लागू आहे.

पहिली दोन मिनिटे

हत्याराला हात लावण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. उजव्या मुठीजवळचे लाल बटण बंद तर नाही? मुलांचा हात लागून ते हमखास बंद राहते.

२. गाडी न्यूट्रलमध्ये आहे काय? साइड स्टँड वर आहे काय? बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत.

३. टाकीत पेट्रोल आहे काय? काट्यावर विसंबू नये. झाकण उघडून गाडी हलवावी आणि आवाज ऐकावा. काडी पेटवून टाकीत पाहणारे लोक अजूनही आहेत. असे कधीही करू नये. टाकीतली वाफ क्षणात पेट घेते.

४. कॉक उघडा आहे काय? नसेल तर तो उघडून किंवा रिझर्व्हवर लावून मिनिटभर थांबावे.

५. सकाळी इंजिन थंड असेल तर चोक ओढावा. इंजिन तापलेले असेल तर चोक मुळीच ओढू नये.

प्लग काय सांगतो?

एवढे करूनही गाडी सुरू झाली नाही तर प्लग काढावा. वैद्य जशी जीभ पाहतो तसा मेकॅनिक प्लग पाहतो.

प्लग अगदी कोरडा असेल तर इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाही असे समजावे. कॉकची जाळी, नळी किंवा कार्बोरेटरचा जेट कचऱ्याने तुंबलेला असतो. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते, ते मातीने बुजले तरी पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी सुरू होऊन थोड्या अंतरावर बंद पडत असेल आणि झाकण उघडताच पुन्हा चालत असेल, तर दोष त्या छिद्राचाच.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल आहे, ठिणगी नाही. किंवा फार किक मारून पेट्रोल साचले आहे. अशा वेळी कॉक बंद करावा, प्लग पुसून वाळवावा, मूठ पूर्ण पिळून प्लगविना सात-आठ किक माराव्यात आणि दहा मिनिटे थांबावे. मग प्लग बसवून चोक न ओढता किक मारावी.

प्लगवर काजळी असेल तर हवा कमी पडते आहे किंवा चोक अडकला आहे. रंग विटकरी किंवा चहासारखा असेल तर प्लग ठीक समजावा. काजळी पॉलिश कागदाने हळूच काढावी. टोकांतील फट बहुतेक लहान गाड्यांत ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. आपल्या गाडीचे नेमके माप पुस्तिकेत पाहावे.

ठिणगी पाहायची असेल तर प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि किक मारावी. निळी, टणक ठिणगी दिसली तर ती चांगली. पिवळी, अशक्त ठिणगी कामाची नाही. प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. प्लग उघड्या बोटांनी धरू नये. इंजेक्शनच्या गाडीवर मात्र हा प्रयोग घरी करू नये. त्यातील महागडी पेटी बिघडू शकते.

हवा आणि दाब

आपल्या काळ्या रानातली उन्हाळ्यातील धूळ आणि मळणीच्या दिवसांतला भुसा एअर फिल्टर बुजवून टाकतो. अशा रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा लवकर पाहावा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतात, तारा कुरतडतात. सायलेन्सरच्या तोंडाशी मातीचे घर बांधणारी गांधीलमाशीही आढळते.

किक दाबताना पायाला काहीच विरोध लागत नसेल आणि दांडा सहज खाली जात असेल, तर दाब गेला आहे. हे काम व्हॉल्व्हचे किंवा रिंगांचे असते. येथे आपण थांबावे आणि मेकॅनिकला बोलवावे.

नव्या गाड्यांविषयी

इंजेक्शनच्या गाडीची चावी फिरवली की पेट्रोल पंपाचा बारीक गुणगुण आवाज दोन-तीन सेकंद येतो. तो आला नाही तर आधी फ्यूज पाहावा. सेल्फ दाबताच नुसती कट-कट होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे. टोके साफ करून घट्ट करावीत आणि वर थोडे व्हॅसलिन लावावे. बॅटरी पार उतरली असेल तर पंपालाच वीज मिळत नाही. मग धक्का मारून बहुधा काही साधत नाही. गाडी पडली असेल तर बऱ्याच गाड्यांत इंजिन आपोआप बंद होते. चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी.

पावसाळा आणि पेट्रोल

२०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसात टाकीच्या झाकणातून पुरेसे पाणी आत गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो आणि गाडी सुरू होत नाही. शंका आली तर थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन चुलीपासून दूर, उघड्यावर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून पुसावी. जुन्या गाडीच्या रबरी नळ्याही वर्षातून एकदा तपासाव्यात.

पावसात भिजलेल्या गाडीची प्लगची टोपी आणि जाड तार कोरड्या फडक्याने पुसली, तरी कित्येक गाड्या लगेच सुरू होतात. हंगाम संपल्यावर फवारणीच्या पंपातले पेट्रोल काढून ठेवावे. ते कार्बोरेटरमध्ये वाळून डिंकासारखे चिकटते आणि पुढच्या हंगामात कीड पडल्यावर पंप सुरू होत नाही.

प्रकृतीची काळजी

गाडीचा खर्च भरून निघतो, शरीराचा निघत नाही. म्हणून पुढील गोष्टी घरातील सर्वांनी वाचाव्यात.

दुसऱ्या गाडीतून पेट्रोल काढताना नळी तोंडात धरून ओढू नये. थोडेसे पेट्रोल जरी फुप्फुसात गेले तरी तेथे जबर दाह होतो. ठसका, खोकला, धाप ही त्याची लक्षणे होत. अशा माणसाला मुद्दाम ओकारी काढायला लावू नये, मिठाचे पाणी पाजू नये. ओकताना पेट्रोल पुन्हा फुप्फुसात जाते. ताबडतोब दवाखान्यात न्यावे. हाताने दाबायचा साधा पंप बाजारात मिळतो, तो वापरावा.

बंद खोलीत किंवा पडवीचे दार लावून इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो.

किक चपलेवर मारू नये. उलटी किक बसली तर घोटा आणि नडगी दुखावते. पाठीचा, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी किक मारूच नये. हाताचे काळे ऑइल पेट्रोलने धुऊ नये. कातडी फुटते. आधी खोबरेल तेल आणि मग साबण लावावा.

घरात कोणाला छातीत कळ आली, साप चावला किंवा बाळंतपणाची वेळ आली, तर गाडीशी झटत बसू नये. आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, शेजाऱ्याला हाक द्यावी. गाडी नंतर पाहता येईल.

कापून गाडीच्या डब्यात ठेवावे

१. लाल बटण, न्यूट्रल, स्टँड.
२. पेट्रोल, कॉक, झाकणाचे छिद्र.
३. पाच किकनंतर थांबावे, प्लग पाहावा.
४. कोरडा प्लग : पेट्रोलची वाट तपासावी. ओला प्लग : ठिणगी तपासावी. काळा प्लग : हवा तपासावी.
५. किकला विरोध नाही : मेकॅनिक बोलवावा.
६. नळी तोंडात नाही, काडी टाकीजवळ नाही, इंजिन बंद खोलीत नाही.

एक जादा प्लग आणि प्लग पाना गाडीच्या डब्यात नेहमी ठेवावा. प्लग बदलण्याचा सराव रविवारी दुपारी अंगणात, उजेडात एकदा करून पाहावा, आणि घरातील मुलींनाही तो शिकवावा.