गाणे आपले, पण फाइल कुणाच्या हातात?

आमच्या चळवळीचे गाणे आधी लोकांच्या तोंडी रुळले आणि मग यंत्रात गेले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे फिरले, तेव्हा भांडवल होते ते खड्या आवाजाचे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी गावोगाव पायपीट करून गाणी पोचवली. १९८० नंतर कॅसेट घराघरात आली. आता मावळातला एखादा तरुण राहत्या खोलीत माईक, साउंड कार्ड आणि संगणक एवढ्यावर अख्खे गाणे तयार करतो. ही मोठी प्रगती आहे. पण प्रगतीबरोबर खर्चही येतो आणि खर्च आला की हिशेब आलाच.

बेडसे परिसरातील एका गायन पार्टीच्या मुलांनी हाच हिशेब माझ्यापुढे ठेवला. "काका, आहे त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची, की सॉफ्टवेअरच बदलायचे?" पैसा वर्गणीचा. त्यात मजुरीला जाणाऱ्या आयाबहिणींचे दहा-वीस रुपये आहेत. म्हणून हा प्रश्न हौसेचा नाही, जबाबदारीचा आहे. अशा पार्ट्या महाराष्ट्रभर आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

प्रथम बाजारात काय आहे ते पाहू. एफएल स्टुडिओ हे बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचे. जयंतीच्या मिरवणुकीतली ठेक्याची गाणी करणाऱ्या मुलांना ते जवळचे वाटते. एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. मात्र त्याच्या सर्वांत स्वस्त 'फ्रूटी' प्रकारात बरीच वर्षे माईकवरून आवाज मुद्रित करून त्यावर काम करण्याची सोय नव्हती. गायन पार्टीला ती हवीच, म्हणजे वरचा 'प्रोड्युसर' प्रकार घ्यावा लागे.

क्युबेस हे जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीचे, १९८९ पासूनचे. गायक आणि वादक समोर बसवून मुद्रण करणाऱ्याला ते सोयीचे. पण मोठी नवी आवृत्ती आली की पुन्हा पैसे मोजावे लागतात. पूर्वी त्याला यूएसबीत लावायची किल्ली लागे. २०२२ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती गेली.

रीपर हे तिसरे. लहान वापरासाठी त्याचा परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास पडतो. ६० दिवस ते विनामूल्य तपासून पाहता येते. एका परवान्यात दोन मोठ्या आवृत्त्या निघतात आणि जुन्या संगणकावरही ते हलके चालते. पण त्याच्याबरोबर तयार वाद्यांचे आवाज फारसे येत नाहीत. ढोलकी, हार्मोनियम प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांना त्याची अडचण नाही. बटणावर गाणे बांधणाऱ्यांना आहे. आणि नुसते भाषण किंवा एकट्याचे गाणे मुद्रित करायचे तर ऑडॅसिटी फुकट आहे.

आता जमाखर्च. नुसती आजची किंमत पाहू नका, पाच वर्षांची पाहा. त्यात नव्या आवृत्तीचे पैसे धरा, लागणारा संगणक धरा आणि शिकण्याचा वेळही धरा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे नव्या आवृत्तीची किंमत दिसते पाच-सात हजार आणि तिच्यामागून येतो नवा संगणक. उलट, इंटरनेट न जोडता जुना संगणक फक्त मुद्रणासाठी ठेवला, तर आहे ती आवृत्ती आणखी काही वर्षे काम देते.

चौथा पर्याय कुणीतरी हळूच सुचवतोच, तो म्हणजे चोरीची प्रत. पंचशीलातले दुसरे शील म्हणणाऱ्याने याचे उत्तर स्वतःच द्यावे. व्यवहाराचे उत्तरही तेच आहे. अशा प्रतीतून व्हायरस येतो आणि वर्षाची मेहनत घेऊन जातो.

पण या सगळ्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. दहा वर्षांनी हे गाणे उघडेल का? प्रत्येक सॉफ्टवेअर आपली प्रोजेक्ट फाइल आपल्याच पद्धतीने बांधते. एकाची फाइल दुसऱ्यात सहसा उघडत नाही. केकवॉक हे अमेरिकेतले १९८७ पासूनचे नावाजलेले सॉफ्टवेअर. त्याची मालक असलेल्या गिब्सन या गिटार कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचे काम थांबवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतले म्हणून वापरणारे निभावले. दर वेळी असा कुणी येईलच असे नाही.

आपल्या बेडसे लेण्यात याचे दोन्ही धडे आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याने दिलेल्या दानाचा लेख तिथे दगडात कोरला आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांनीही वाचता येतो, कारण तो उघड्या अक्षरांत आहे. त्याच लेण्यात गिलाव्यावर चित्रेही होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांच्या भेटीसाठी लेणे साफसूफ करून रंगवले गेले आणि चित्रांचे उरलेसुरले अवशेष गेले. नवे करताना जुने जपले नाही की असे होते.

म्हणून माझा सल्ला असा. नवी आवृत्ती घ्या अथवा सॉफ्टवेअर बदला, आधी प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक वेगळा काढून वेव्ह फाइलमध्ये ठेवा. गायकाचा आवाज वेगळा, कोरस वेगळा, ढोलकी वेगळी. सगळे ट्रॅक एकाच शून्य सेकंदापासून सुरू करा, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ते बरोबर जुळतील. पाच मिनिटांच्या, दहा ट्रॅकच्या गाण्याला चांगल्या दर्जात ४३० एमबीच्या आसपास जागा लागते. चार-पाचशे जीबीच्या हार्ड डिस्कवर पार्टीचा सारा साठा मावेल. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. सोबत वहीत कवी, गायक, वादक आणि तारीख लिहा.

त्यानंतर निवड सोपी होते. आहे त्या सॉफ्टवेअरमुळे कोणते काम अडते ते कागदावर लिहा. काहीच अडत नसेल तर पैसे राखून ठेवा, किंवा चांगला माईक घ्या. एखादे काम अडत असेल आणि नव्या आवृत्तीने ते सुटत असेल, तर आवृत्ती घ्या. दर दोन-तीन वर्षांनी पैसे भरणे झेपतच नसेल, तर बदला. पण एप्रिलच्या तोंडावर कधीही बदलू नका. पावसाळ्यात कार्यक्रम कमी असतात. तेव्हा एक जुने गाणे नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून करून पाहा आणि किमान दोघांनी शिका. एकट्याच्या हाती किल्ली नको.

मी या मुलांना सध्या आहे तिथेच थांबायला सांगितले. वर्गणीतून पहिली खरेदी झाली ती दोन हार्ड डिस्कची. आमच्या भागातील एका वयस्क गायकाचा आवाज आता थकला आहे. त्यांची चौदा गाणी या आठवड्यात ट्रॅक वेगळे करून ठेवली जात आहेत. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल. तो आवाज पुन्हा मिळणार नाही, हे प्रत्येक पार्टीने ध्यानात घ्यावे.