जोडटायर की एकच रुंद टायर?

एस.टी.च्या बसकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. पुढे प्रत्येक बाजूला एकच टायर असतो. मागे मात्र दोन-दोन टायर शेजारी शेजारी बसवलेले असतात. कारण उघड आहे. मागच्या आसावर, म्हणजेच ॲक्सलवर, भार अधिक पडतो आणि तो चार टायरांत वाटला जातो.

ऑस्ट्रेलियातील काही प्रवासी मात्र ही जोडी मुद्दाम काढून टाकतात. झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली खोली ट्रकच्या सांगाड्यावर बांधून तेथील लोक लांबच्या प्रवासाला निघतात. अशा गाडीला मोटारहोम म्हणतात. वाळूच्या आणि चिखलाच्या वाटांनी जायचे असेल, तर मागच्या चार टायरांच्या जागी दोनच रुंद टायर बसवतात. चौघांचे काम दोघे कसे करत असतील? आणि त्यात धोका नाही का?

रुंदी वाढली म्हणजे काय वाढते?

समजा, मागच्या आसावर ४,४०० किलोग्रॅम भार आहे. चार टायर असतील, तर प्रत्येकावर १,१०० किलोग्रॅम भार येईल. आता टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५.५ किलोग्रॅम आहे असे धरू. भार भागिले दाब म्हणजे जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ. ते प्रत्येक टायरचे सुमारे २०० चौ. सें.मी., म्हणजे चारही मिळून ८०० चौ. सें.मी. होईल.

दोनच रुंद टायर लावले, तर प्रत्येकावर २,२०० किलोग्रॅम भार येईल. हवेचा दाब तोच ठेवला, तर प्रत्येकाचे क्षेत्रफळ ४०० आणि दोघांचे मिळून पुन्हा ८०० चौ. सें.मी.! टायरच्या रबराचा ताठपणा येथे हिशेबात घेतलेला नाही, म्हणून उत्तर अंदाजी आहे. पण मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. टायर नुसता रुंद केल्याने जमिनीवरचा दाब कमी होत नाही. तो कमी करायचा, तर टायरमधील हवा कमी करावी लागते.

वाळूत नेमके हेच करतात. जोडटायरांतील हवा कमी केली, की त्यांच्या बाजू फुगून एकमेकींवर घासतात आणि तापतात. एकट्या टायरला ही अडचण नसते. शिवाय दोन टायरांच्या फटीत दगड अडकण्याचा प्रश्नही मिटतो.

दुसरा फायदा चाकोरीचा. पुढचे चाक वाळू दाबून वाट तयार करते. मागची जोडी त्या चाकोरीत मावत नाही; तिला नवी वाळू दाबत जावे लागते. मागचा एकच टायर पुढच्याच्या बरोबर मागे आणून बसवला, तर तो तयार चाकोरीतून जातो आणि इंजिनाचे श्रम वाचतात.

घासणारी जोडी

जोडीतील दोन्ही टायर एकाच तुंब्याला जोडलेले असल्याने त्यांचे फेरे सारखेच होतात. हवा कमी असल्यामुळे एकाची त्रिज्या ४० ऐवजी ३९.५ सें.मी. झाली, तर प्रत्येक फेऱ्यात सुमारे ३.१ सें.मी. फरक पडतो. एका किलोमीटरला असे सुमारे ४०० फेरे होतात. म्हणजे जवळजवळ साडेबारा मीटरांचा फरक! तो भरून काढताना रबर रस्त्यावर घासत राहते.

रबर दाबले आणि सोडले, तर दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही भागाची उष्णता होते. जोडीला चार बाजू वाकवाव्या लागतात, रुंद टायरला दोनच. त्यामुळे इंधन वाचते. याच हेतूने मिशलिन कंपनीने २००० साली अमेरिकेतील मोठ्या ट्रकांसाठी खास रुंद टायर आणले.

मग सर्वांनीच ते का लावू नयेत?

टायरच्या कडेवर भारांक छापलेला असतो. १२१/११८ असे लिहिले असेल, तर तो टायर एकटा असताना १,४५० किलोग्रॅम आणि जोडीत असताना १,३२० किलोग्रॅम भार पेलतो. आपल्या उदाहरणात एकट्या टायरला २,२०० किलोग्रॅम पेलायचे आहेत. म्हणजे भारांक निदान १३६ (२,२४० किलोग्रॅम) हवा. जुनाच टायर एकेक लावून चालणार नाही.

चाकाची तबकडीही योग्य हवी. भाराची रेषा ५ सें.मी. बाहेर सरकली, तर २,२०० × ५ = ११,००० किलोग्रॅम-सें.मी. एवढे जादा आघूर्ण आसावर आणि बेअरिंगवर येते. तरफेचा नियम येथेही सुटत नाही. आणि टायर कितीही दणकट घेतले, तरी आसाची मूळ भारक्षमता वाढत नाही.

सर्वांत मोठा प्रश्न टायर फुटण्याचा. जोडीतील एक फुटला, तर दुसऱ्यावर क्षमतेबाहेरचा भार येतो, तरीही गाडी सावकाश कडेला घेता येते. एकटा टायर फुटला, तर ती बाजू एकदम खाली बसते. वेग जास्त असेल, तर गाडी सावरणे कठीण. म्हणून हवेचा दाब वारंवार तपासणे आणि जादा टायर बरोबर ठेवणे भागच असते. वाळूसाठी हवा कमी केली असेल, तर वेगही कमी ठेवावा लागतो. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते. नाहीतर टायर तापून तोच फुटण्याचा प्रसंग ओढवतो.

करून पाहा

सायकलचे मागचे चाक वजनकाट्यावर ठेवा. पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा. मित्राला सायकलवर बसवा, दोघांनी सायकल हलकेच धरा आणि काट्यावरचा आकडा लिहून घ्या. मग त्याच चाकाखाली आलेख कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवून टायरचा ठसा घ्या. ठशाची कड आखून चौकोन मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा ठसा घ्या. काट्यावरचा आकडा तोच राहील. ठसा किती वाढला, ते तुम्हीच मोजा.