प्रेमातला मत्सर: स्वभाव, आजार की हक्क?

आजच्या व्याख्यानाला विषय दिला आहे तो असा: प्रेमसंबंधातला मत्सर नैसर्गिक की मानसिक विकार? हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा उत्तराआधी सोय शोधत असतो. नैसर्गिक म्हटलं की मत्सर करणारा सुटला: 'काय करणार, माणूस आहे मी.' विकार म्हटलं की समोरचा सुटला: 'तुझं डोकं तपासून घे.' दोन्हीकडे विचार तिथेच संपतो. म्हणून आधी मत्सर या गोष्टीत काय काय भरलेलं आहे ते उलगडून बघू.

हेवा आणि मत्सर हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. हेव्याला दोन माणसं पुरतात. त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही, झाला हेवा. प्रेमातल्या मत्सराला तीन माणसं लागतात: मी, माझं माणूस आणि तिसरा कोणीतरी, मग तो खरा असो वा कल्पनेतला. हेव्यात न मिळाल्याचं दुःख असतं, मत्सरात हाती असलेलं निसटण्याची भीती.

आपल्याकडे न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने (हा कामसूत्रकार नव्हे) मनाच्या दोषांचे तीन गट सांगितले आहेत: राग, द्वेष आणि मोह. राग म्हणजे इथे संताप नव्हे, आसक्ती. गंमत अशी की मत्सर त्याने रागाच्या गटात घातला, ईर्ष्या द्वेषाच्या गटात आणि विचिकित्सा, म्हणजे शंकेखोरपणा, मोहाच्या गटात. आज आपण ज्याला प्रेमातला मत्सर म्हणतो त्याची मुळं या तिन्ही गटांत पसरलेली आहेत. सतराव्या शतकात स्पिनोझानेही 'एथिक्स'मध्ये जवळपास हेच ओळखलं: एकाच माणसाबद्दल प्रेम आणि द्वेष, त्यात हिंदकळणारं मन, आणि सोबत तिसऱ्याचा हेवा.

मी माझ्या सोयीसाठी याचे तीन भाग करतो: भावना, अनुमान आणि दावा. प्रत्येकाची तपासणी वेगळी.

पहिली भावना. ती नैसर्गिक आहे, यावर फार वाद नको. आईने धाकट्याला मांडीवर घेतलं की थोरलं लगेच येऊन चिकटतं, त्याला कोणी शिकवलेलं नसतं. डार्विननेही १८७१च्या ग्रंथात मत्सराची दखल घेतली आहे. १९९२ साली डेव्हिड बस आणि सहकाऱ्यांनी मांडलं की जोडीदाराच्या शारीरिक बेइमानीने पुरुष अधिक अस्वस्थ होतात, भावनिक बेइमानीने स्त्रिया. आणि हे उत्क्रांतीतून आलं आहे. त्यावर आक्षेपही आले. दोनांपैकी एकच निवडा असं विचारल्यामुळे असं चित्र दिसतं, असं काही संशोधकांचं म्हणणं. तो वाद चालू राहू दे. पण समजा, सगळं मान्य केलं. पुढे काय? भूक नैसर्गिक आहे म्हणून चोरी क्षम्य होत नाही. 'आहे' यावरून 'योग्य आहे' हे निघत नाही.

हे नुसतं तर्कशास्त्र नाही, याला रक्ताचा इतिहास आहे. एप्रिल १९५९मध्ये मुंबईत नौदलातल्या कमांडर नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. अचानक आणि गंभीर प्रक्षोभाचा मुद्दा पुढे आला होता. न्यायालयाने काय पाहिलं? पत्नीने कबुली दिल्यावर त्यांनी कुटुंबाला सिनेमागृहापाशी सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग त्या माणसाच्या घरी गेले. मध्ये सुमारे तीन तास गेले. आता बघा, तो आघात नैसर्गिक असेल. ते तीन तास मात्र निसर्गाचे नव्हते, ते त्या माणसाचे होते. भावनेची जबाबदारी आपल्यावर नसेलही, पण त्या तासांची आहे.

दुसरा भाग अनुमान. इथे आपले गोविंद बल्लाळ देवल मदतीला येतात. ऑथेल्लोवरून त्यांनी 'झुंझारराव' लिहिलं आणि 'संशयकल्लोळ'ही त्यांचंच, १९१६ साली संगीत रूपात रंगभूमीवर आलेलं. एकाच लेखकाने मत्सराची शोकांतिकाही रचली आणि प्रहसनही! फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघं संशयी. पण पुरावे खोटे आहेत का? नाहीत. फाल्गुनरावाने मूर्च्छा आलेल्या रेवतीला खरोखरच सावरलं आहे. कृत्तिकेच्या हातात परपुरुषाची तसबीर खरोखरच आहे. फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक. शेवटी सगळी समोरासमोर येतात, ऐकून घेतात आणि गाठ सुटते. ऑथेल्लोही डेस्डिमोनाला रुमालाबद्दल विचारतो, पण तेव्हा मनात निकाल लागून गेलेला असतो. प्रहसन आणि शोकांतिका यांत अंतर एवढंच: उलट पुरावा आत यायला दार उघडं आहे की बंद?

आजाराची खूणही मला इथेच दिसते. १९५५ साली टॉड आणि ड्यूहर्स्ट या मानसोपचारतज्ज्ञांनी 'ऑथेल्लो सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. जोडीदार बेइमान आहे अशी पक्की, कशानेही न ढळणारी समजूत. दारूच्या व्यसनात ती आढळते, मेंदूच्या काही आजारांतही. लक्षात घ्या, जोडीदार खरंच बेइमान असला तरी ही समजूत आजार असू शकते, कारण ती पुराव्यावर उभीच नसते. घड्याळ बंद असलं तरी दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, म्हणून ते चालू आहे असं आपण म्हणत नाही. अशा माणसापुढे पुरावे मांडून उपयोग होत नाही. त्याला डॉक्टर हवा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला आधी सुरक्षितता हवी.

तिसरा भाग दावा, आणि माझ्या मते हाच खरा कळीचा. देकार्तने १६४९च्या ग्रंथात म्हटलं आहे की सेनापतीने किल्ल्याबाबत दक्ष असणं रास्त, पण बायकोवर संशयाचा पहारा ठेवणाऱ्या नवऱ्याचं तिच्यावर खरं प्रेम नसतं. त्याला हवा असतो तो एकट्याचा ताबा. आपल्या दंडविधानातलं कलम ४९७ त्याच ताब्याच्या भाषेत बोलत होतं. नवऱ्याच्या संमतीशिवाय त्याच्या पत्नीशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, जणू मालाची अफरातफर झाली! सप्टेंबर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कायद्यातून मालकी गेली. मनातून गेली का? आज तरुण मुलं एकमेकांचे मोबाइलचे पासवर्ड मागतात, 'आत्ता कुठे आहेस, लोकेशन पाठव' म्हणतात, आणि याला प्रेमाचा पुरावा समजतात. देकार्तचा पहारेकरी आता खिशात आला, एवढंच.

याचा अर्थ जोडीदाराकडून काहीच मागू नये असा नाही. दोघांनी एकमेकांना वचन दिलं असेल तर ते मोडल्याचं दुःख रास्त आहे, जाब विचारणंही रास्त आहे. पण वचन देणारा माणूस स्वतंत्र असतो, वस्तू वचन देत नाही. वचनभंग झाला तर आपण भांडू शकतो, रडू शकतो, नातं संपवू शकतो. शिक्षा देण्याचा आणि पहारा ठेवण्याचा अधिकार मात्र वचनातून मिळत नाही.

तेव्हा मत्सर वाटला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला नेमकी कशाची भीती वाटते आहे? मी ज्याला पुरावा म्हणतो त्याचा दुसरा अर्थ ऐकायला मी तयार आहे का? आणि मी वचनाची आठवण देतो आहे की मालकी सांगतो आहे? पहिल्याचं उत्तर जोडीदाराला मोकळेपणाने सांगता आलं तर पुष्कळ काम होतं. दुसऱ्याचं उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' असेल तर मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही. तिसऱ्याचं उत्तर मालकी असं असेल, तर निसर्गाचं नाव घेऊन सुटका नाही आणि आजाराचं नाव घेऊनही नाही. ते आपलं आपल्यालाच बदलावं लागतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.