पाच मिनिटांचे औषध

भूल देणे म्हणजे केवळ झोपवणे नव्हे. श्वासनलिकेत नळी घालता यावी म्हणून स्नायू सैल करणारे औषधही देतात. त्याने छातीचे स्नायूही थांबतात. तेवढा वेळ श्वास डॉक्टरांच्या हाती असतो. म्हणून हे औषध किती वेळ टिकते, याला महत्त्व.

१९५१च्या सुमारास वापरात आलेले सक्सामेथोनियम, म्हणजे डॉक्टरांचे ‘स्कोलिन’, मिनिटभरात लागू पडते आणि ५ ते १० मिनिटांत ओसरते. कारण रक्तातले ब्यूटिरिलकोलिनेस्टरेज हे विकर त्याचे झपाट्याने तुकडे करते. ज्यांच्या रक्तात हे विकर जन्मतःच जवळजवळ नसते, त्यांच्यात तेच औषध कित्येक तास टिकते. एरवी ही माणसे ठणठणीत असतात.

भारतात ही उणीव आर्यवैश्य समाजात विशेष आढळली आहे. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आले, तर ती तीव्र होते. समाजातच लग्ने होत राहिली की तसे घडण्याचा संभव वाढतो. तेलंगणालगतच्या नांदेडात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे.

अशा वेळी उपाय एकच : श्वास यंत्रावर आणि झोप औषधावर चालू ठेवून वाट पाहणे. झोप आधी उतरली, तर रुग्ण सारे ऐकतो, पण पापणीही हलवू शकत नाही. आधी कळले, तर या विकरावर अवलंबून नसलेले अट्राक्युरियम वापरता येते.

नांदेडची गाडी पनवेलला येते; माणसे येतात, जुने कागद गावीच राहतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना सांगावे : आमच्या घरात एकाला श्वास परतायला फार वेळ लागला होता.